चन्नव्वाचं नागकेशर

कल्पना करा, मुलांनो. तुमच्या दारात एक झाड आहे आणि सगळी गल्ली म्हणते आहे, तोडा ते.

मंठाळच्या चन्नव्वाच्या दारात तसं एक होतं, नागकेशराचं. हे रोप मूळचं लंकेतल्या दमट, सावलीच्या रानातलं. तिचे आजोबा एका व्यापाऱ्याबरोबर तिकडे गेले होते, त्यांनीच डब्यात ओली माती घालून रोप आणलं. पुढे रझाकारांची धामधूम झाली, सरली. आजोबाही गेले. मागे राहिलं झाड, आणि यंदा ते पहिल्यांदाच अंगणाच्या दगडी गडग्याच्या वर आलं. फाल्गुनात त्याला पालवी फुटली. लालभडक, मलूल, खाली लोंबणारी.

शेजारच्या वीरभद्रप्पाने ती पाहिली आणि तो कुऱ्हाड घेऊन आला. धामधुमीत त्याच्या भावाला याच गडग्यापाशी मारलं होतं.

"लिंगम्मा, झाड रक्त ओकायलंय. रावणाच्या मुलखातलं हाय हे. सरका."

"पालवी हाय ती, अण्णा," चन्नव्वाची आजी लिंगम्मा म्हणाली.

"पालवी हिरवी असती. मला शिकवायलीस व्हय?"

चन्नव्वा मधे घुसली. "काका, दरसाल अशीच लाल येती, मग हिरवी होती. झाड गडग्यापेक्षा बुटकं होतं, तुम्हाला कसं दिसंल?"

"बघा, बघा! आज्याचीच जीभ हाय पोरीला," वीरभद्रप्पा म्हणाला. गडग्यापलीकडे जमलेली गल्लीतली माणसं हसली. "तोड की वीरभद्रा, कामून थांबलास?"

आजीची इष्टलिंगाची पूजा नुकतीच झाली होती. लिंगावरून उतरवलेली फुलं आणि बेलाची पानं ताटलीत होती. त्यावर पाय द्यायचा नाही, हे लिंग बांधणाऱ्या घरात मूल चालायला लागतं तेव्हाच शिकतं. वीरभद्रप्पाच्याही गळ्यात लिंग होतं.

चन्नव्वाने ताटली उचलली आणि बुंध्याभोवती बेल-फुलं पसरायला लागली. वीरभद्रप्पाने उचललेला पाय मागे घेतला.

"उचल ते, पोरी! न्हाईतर तुझ्यासकट तोडतो."

तिने उचललं नाही. पण ताटली संपली आणि गडग्याकडची बाजू उघडीच राहिली. वीरभद्रप्पा तिकडे वळला, तशी लिंगम्मा त्या जागी जाऊन उभी राहिली.

"किती वेळ उभारशील, म्हातारे?"

चन्नव्वा रिकामी ताटली घेऊन पळाली. त्या हसणाऱ्या माणसांतून वाट काढत ती थेट वीरभद्रप्पाच्याच घरी गेली, उंबऱ्यापाशी थांबली आणि त्याच्या बायकोपुढे ताटली धरून म्हणाली, "लक्ष्मम्मा, काकांच्या लिंगावरची उतरलेली फुलं द्या की."