दस्त्याचं माप

टेलरमास्तर बंदुकांच्या दुकानात शिरले तेव्हा गळ्यात टेप तशीच लोंबत होती. सकाळी अकराला स्वतःच्या दुकानाला कुलूप लावून हा माणूस बाहेर पडला म्हणजे काहीतरी मोठंच घडलेलं असणार. घडलं एवढंच होतं, की रविवारी त्यांची बायको परदेशातल्या लेकीशी फोनवर बोलत होती आणि मास्तर दाराआड उभे राहून ऐकत होते. "या उन्हाळ्यात? दोन महिने? बघ बाई, जमव." बस, इतकंच कानावर पडलं. तेव्हापासून मास्तरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती तिकडे गेल्यापासूनच्या आठ वर्षांत ते तिच्याशी बोललेली वाक्यं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातलं सगळ्यात लांब वाक्य होतं, "थांब, फोन आईला देतो."

"दुनळी हवी," मास्तर म्हणाले. "उन्हाळाभर चालवायची. हवेत सोडलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला, दिवसाला शंभरेक काडतुसं."

"स्वतःला?" बंदूकवाल्याने विचारलं. त्याच्या अंगातली पॅन्ट मास्तरांनीच शिवलेली होती.

"माझे डोळे आता सुई ओवतानाच दमतात."

मास्तरांनी आधी नक्षीदार, हलकी बंदूक उचलली. बंदूकवाल्याने ती हळूच काढून घेतली. "ही भिंतीवर शोभेल. नळ्या पातळ आहेत, भर उन्हात वीस-पंचवीस बार झाले की तव्यासारख्या तापतात. ही बघा. नळ्या वर-खाली आणि जाड. वजन जास्त, पण म्हणूनच खांद्याला धक्का कमी. पुढचं लाकूड लांब आहे, हात नळीला लागून भाजत नाही. आणि पॉलिश तेलाचं आहे. घामाने त्याचे पापुद्रे निघत नाहीत."

मास्तरांनी बंदूक उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शिवण तपासावी तशी दोन्ही टोकांना धरून हलवून पाहिली. सांधा जराही खुळखुळला नाही. ही बंदूक दहा उन्हाळे सहज काढेल, त्यांच्या मनात आलं, आणि मैदानावर केसांना रबरबँड लावून उभी असलेली लेक दिसली. ती "सोड" म्हणायची, तबकडी सुटायची, आणि बार झाल्यावर ती आधी बापाकडे बघायची, मग आकाशाकडे. मास्तरांना तिची इतकी आठवण आली की बंदूक काउंटरवर ठेवावी लागली.

"खांद्याला टेकतो तो दस्ता मुद्दाम लांब ठेवलेला असतो," बंदूकवाला म्हणाला. "चालवणाऱ्याच्या हाताप्रमाणे कापून देतो. माप?"

मास्तरांनी सोबत आणलेल्या लांब पिशवीतून लेकीची जुनी बंदूक काढली. "या मापाने. तिचीच आहे."

बंदूकवाल्याने चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत टेप लावली. मग पुन्हा लावली. "हा कापला तेव्हा पोरगी केवढी होती?"

"चौदा वर्षांची."

"आणि शेवटची चालवली कधी?"

"अठराव्या वर्षी. स्पर्धेत."

"मधे दस्ता वाढवून नेला नाहीत? चार वर्षांत पोरं केवढी होतात."

"होतात ना. दर सहा महिन्यांनी मीच तिच्या बाह्या..." मास्तर बोलता बोलता थांबले.

पोरं वाढतात म्हणून शिलाईत कापड सोडणारा माणूस हा. लेकीच्या बाह्या त्यांनी बोटबोटभर उसवून लांब केल्या होत्या. तीच लेक म्हणायची, बाबा, अंगठा नाकावर आपटतो, गाल सुजतो. हे म्हणायचे, बार काढताना मान उचलतेस, नाटकं करू नकोस. स्पर्धेत शेवटच्या दोन्ही तबकड्या न फुटता तशाच गेल्या, आणि चारचौघांत हे बोलून बसले, "इतकी वर्षं काडतुसं फुकट घालवली." तिने बंदूक टेबलावर ठेवली ती ठेवलीच. त्याच वर्षी शिकायला म्हणून गेली.

मास्तर बंदूकवाल्याच्या स्टुलावर बसले. लेकीचा नंबर त्यांना पाठ होता, लावला मात्र कधी नव्हता. तो त्यांनी लावला.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी बंदुकांच्या दुकानात आहे." त्यांनी जुनी बंदूक मांडीवर ओढली. "तुझा दस्ता आखूड होता. चांगला दीड इंच. तू मान उचलत नव्हतीस गं. चूक माझी होती."

पलीकडे तिला कुणीतरी हाक मारली. तिने त्याला थांबायला सांगितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "इथल्या क्लबात पहिल्याच दिवशी कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? तुम्ही फोन आईला द्यायचात."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. "नवी घेतोय," ते म्हणाले. "आलीस तर असावी म्हणून. हाताचं माप सांग, आजच कापून घेतो."

"तुम्ही फोनवरून माप घेता कुणाचं?"

"छे. माणूस समोर उभा लागतो."

मास्तरांनी फोन कानाशी आणखी दाबला.

"मग कापू नका म्हणावं त्यांना," ती म्हणाली.

बंदूकवाल्याने तोवर दस्ता पकडीत आवळून करवत काढली होती. "काय मास्तर, किती ठेवू?"

"राहू दे तसाच," मास्तर म्हणाले. "ती यायची आहे."