रुमालाखालचा भाव

एपीएमसी मार्केटातल्या भगवानशेठच्या कांद्याच्या गाळ्यावर हौसेराव दिवाणजी तीस वर्षं रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत आले. माल कमीत कमी किती भावाला सोडायचा, हे ते आणि शेठ सोडून तिसऱ्याला कळत नसे. आताशा शेठ तो भाव रोज सकाळी गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्या वैष्णवीला सांगत, ती कॉम्प्युटरवर चढवी आणि हौसेराव वायफायवरून आपल्या फोनवर बघत.

कॉम्प्युटर जुना, म्हणून वैष्णवीने त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलं होतं. पण वायफायला पासवर्ड लावला की ते खोड जोडलंच जाईना. शेवटी तिने पासवर्ड काढून टाकला, तात्पुरता. तात्पुरत्या गोष्टींना आपल्याकडे आयुष्य फार. चार महिने वायफाय सताड उघडं राहिलं.

मग गिऱ्हाइकं भाव आधीच ठाऊक असल्यासारखी नेमक्या आकड्यावर अडून बसू लागली. शेठचा संशय हौसेरावांवर गेला. सोमवारी भर गाळ्यात त्यांनी म्हाताऱ्याला घरी बसायला सांगितलं. खांद्यावरचा रुमाल काढून हौसेरावांनी गादीवर ठेवला आणि ते निघून गेले.

वैष्णवीला उघड्या वायफायची आठवण झाली. दुपारी ती मोबाईल घेऊन बाहेर चहाच्या टपरीपर्यंत गेली. वायफाय लागलं, भावाची फाईल उघडली. इथे बसून कुणीही उघडावी. ती तशीच आत आली आणि राउटरला एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डाचं कुलूप, लावलं. लिनक्सच्या सेटिंगच्या फाईलमध्ये पासवर्ड लिहिला, तर तीनदा नकार. चौथ्यांदा तिच्या लक्षात आलं, पासवर्डाभोवती अवतरणचिन्हं द्यायची राहत होती. चार महिने नडलं ते एवढंच.

मंगळवारपासून भाव फुटायचा थांबला, आणि तिथेच घात झाला.

"बघितलंस?" शेठ म्हणाले. "तो गेला आणि सगळं बंद झालं."

खरं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घर तिच्या पगारावर चालत होतं. तिने नुसती मान डोलावली. त्या मान डोलावण्याची तिला रोज लाज वाटत राहिली, जेवण जाईना.

आठ दिवसांनी तिला राहवलं नाही. तिने शेठना सगळं सांगून टाकलं. शेठनी तिला नको नको ते ऐकवलं आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, जा, त्यांना घेऊन ये. रुमाल पिशवीत घालून ती तळवलीला हौसेरावांच्या खोलीवर गेली.

त्यांनी आधी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तिने रुमाल पुढे केला.

"कुलूप कवा लावलंस, पोरी?"

"सोमवारीच, काका. तुमी गेलात त्या दुपारी."

हौसेरावांनी तिचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"शेठला ठावं नव्हतं. त्याचा राग न्हाई मला," ते म्हणाले. "तुला आठ दिस ठावं हुतं."

रुमाल तिच्या हातातच राहिला.