बाईंनी नेलेली कुसुम

सुमतीबाईंनी माझ्या आईला फसवलं. लालबागेत मिरचीचा धंदा मी शून्यातून उभा केला आहे. कोणी कोणाकडून काय काढून घेतलं, ते मला कळतं.

बाई आठवतात त्या आधी आवाजाने. गिरणीचा भोंगा विरल्यावर परळच्या शाळेत जी शांतता उतरायची, तिच्यावर अलगद बोट ठेवावं तसा तो आवाज. खिडकीतल्या धुरकट उन्हात हात उचलून बाई म्हणायच्या, "आज कोण आलं नाही? चला, डोळे मिटा. त्याला आणून बसवा." निबंध शिकवायची ही त्यांची रीत. न आलेल्या मुलाची चाल, खोकला, हसणं आम्ही शब्दांत उतरवायचो, आणि लिहिता लिहिता त्याच्या मोकळ्या जागेकडे बघायची भीती वाटू लागायची.

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा बघायला माझी धाकटी बहीण कुसुम नाक्यावर जाऊन उभी राहिली. गोळी तिला लागली.

त्यानंतर बाई रोज संध्याकाळी आमच्या खोलीत यायच्या. आईचा हात हातात घेऊन विचारायच्या, कुसुम झोपेत काय बोलायची, वेणी घालताना मान कशी वाकडी करायची. दिव्याच्या पिवळ्या उजेडात आई सांगत राहायची. जे सांगून झालं, ते तिला पुन्हा कधी आठवलं नाही. उपसा लागलेल्या विहिरीसारखी ती आतून आटत गेली, आणि व्यवहारात मुरलेल्या मला ते दिसलं नाही.

शाळा सांभाळून बाई एम.ए. झाल्या, गिरगावच्या एका कॉलेजात लेखन शिकवू लागल्या. राज्य मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन तिथे गेलो आणि वर्गाच्या दाराशीच थबकलो. सगळा वर्ग डोळे मिटून बसला होता. पुढच्या बाकावर दोन मुली मधे जागा सोडून, कोपरं आवरून बसल्या होत्या. कुसुमला कधीही न पाहिलेली त्यातली एक संथपणे बोलत होती, "शेवटची पायरी ती उडी मारून उतरते. भावाची चाहूल लागली की दाराआड लपून श्वास रोखते."

दाराआडचा तो खेळ आम्हा दोघांचा होता. आईलाही ठाऊक नव्हता. आणि तेवढ्यात, मी उभा होतो त्याच दाराच्या आड, कोणीतरी श्वास रोखला.

तास संपल्यावर मी बाईंना अडवलं. "हे तुम्हाला कोणी दिलं, बाई? कोणाला विचारून आणलंत?"

"अनंता, ओरडू नकोस रे. ती बिचकते."

"मग घरी का येत नाही?"

बाईंनी खडूने पांढरी झालेली बोटं पदराला पुसली. "तिथे आता तिला ओळखतं कोण?"

तिरीमिरीत घरी आलो. आईसमोर बसून कुसुमचं नाव घेतलं. आई माझ्याकडे बघत राहिली, परक्या घरातलं काही ऐकावं तशी.

"कुसुम? खंयची रे ती?"

माणूस नेणारा काळ माझ्याशी सौद्याला बसणार नाही, हे मी जाणतो. बाईंना मात्र बसावं लागेल. उद्या आईचा हात धरून मी त्या वर्गात जाणार आहे; बाईंनी तिच्या डोळ्यांत बघून सांगावं, तिची मुलगी कुठे आहे ते.