येशूचं गोत

वाळवंटातल्या आदिवासी वस्तीच्या चर्चच्या भिंतीवर क्रुसावरचा येशू रंगवताना नोरीनने त्याच्या छातीवर आपल्या भावांच्या गोताचे पट्टे काढले आणि तिथेच माशी शिंकली.

चित्र देखणं झालं होतं. गेरू, चुना, कोळसा, पायाशी पाणवठ्याची वर्तुळं. पण इथे सुनेचे भाऊ जावयांतच धरतात; येशू नोरीनचा भाऊ झाला म्हणजे तिच्या सासूचा, मेव्हिसचा, नात्याने जावईच की. सासूने जावयासमोर यायचं नाही ही रीत; तो समोरून आला तर भल्याभल्या म्हाताऱ्या झुडपाआड होतात. मग तो देवाचा लेक असला म्हणून काय झालं? मेव्हिस उठली आणि बाहेर झाडाखाली, चर्चकडे पाठ करून बसली.

येशू सगळ्यांचाच नातलग आहे, असं फादरने समजावून पाहिलं. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, असं म्हातारीने सुनावलं.

मेव्हिसची किडनी गेलेली, दूर अ‍ॅलिस स्प्रिंग्जला यंत्रावर तिचा जीव. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा, नोरीनचा नवरा, गेला तेव्हा पुरात रस्ते बुडाले होते. म्हातारी पोचली तोवर माती होऊन गेली होती. बायकांच्यात बसून तिला रडताही आलं नाही. गुड फ्रायडेला सगळी वस्ती एकत्र रडते, म्हणून ती आली होती. उद्या परत यंत्राकडे. पुन्हा येईल न येईल.

तिला आत आणणारी खूण नोरीनला ठाऊक होती. नवऱ्याच्या गोताची, इमू पक्ष्याच्या पावलांची. पण गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, तशी तो गेल्यापासून ती खूणही बंद होती, आणि उघडायचा हक्क त्याच्या आईचा. विचारायचं म्हणजे त्याचा विषय काढायचा. चहाचा मग घेऊन नोरीन तिच्याजवळ जाऊन बसली.

"आत्या, पट्टे पुसून टाकते मी."

"आणि त्याला तसाच ठेवणार? बिनगोताच्या माणसाने बसायचं कुठे, जेवायचं कुणाकडे?"

नोरीनने मग तिच्या हातात दिला. "इमूची पावलं काढू?"

म्हातारीच्या हातातला चहा निवून गेला.

"बारीक काढ," ती अखेर म्हणाली. "डाव्या खांद्यापासून खाली. त्याचा बाप तशीच काढायचा."

नोरीनने पट्टे पुसून ती काढली. एकही पाऊल वाकडं गेलं नाही. दुपारी वस्ती जमली. मेव्हिस काठी टेकत आत आली, भिंतीपाशी गेली आणि मान वर करून पाहत राहिली. फादरने पुस्तक उघडलं तसा तिने हात वर केला.

"थांब बाबा. माझं पोरगं आहे. आधी मला रडू दे."

ती जमिनीवर बसली आणि तिने गळा काढला. बायका एकेक करून तिच्याभोवती बसल्या. नोरीनने आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. फादरने पुस्तक मिटलं, आणि तोही खाली बसला.