नित्य वापरातले दिवे

कोथरूडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरील घरात बासष्ट दिवे होते आणि त्यांतला एकही कधी पेटत नसे.

इंदुबाईंना याचे नवल वाटण्याचे दिवस केव्हाच सरले होते. त्यांचे यजमान महिपतीराव शाळेत संस्कृत शिकवीत. पगारातून उरवून, सुट्ट्यांत गावोगाव हिंडून त्यांनी पस्तीस वर्षांत हा संग्रह उभा केला होता. लामणदिवे, समया, निरांजने, हत्तीच्या पाठीवर पणती पेललेले दिवे काचेच्या कपाटांत काळसर, अबोल उभे असत. दर रविवारी स्नान आटोपून महिपतीराव मऊ, कोरड्या फडक्याने स्वतः त्यांवरची धूळ टिपीत. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पाणी तर नाहीच नाही. का, हे त्यांनी कधी सांगितले नव्हते आणि इंदुबाईंनी कधी विचारले नव्हते. भांडी घासून राठ झालेल्या आपल्या हातून काही वाकेल, मोडेल, अशी यजमानांना धास्ती असावी, असे कारण त्यांनी आपल्या मनाशी धरले होते.

दोन हजार तीन सालच्या त्या आश्विनात मात्र हे दिवे त्यांच्या वाटेत उभे राहिले. मुलगी दीपमाला नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी अमेरिकेत होती. तिची पहिली खेप वाया गेली, तेव्हा डोक्यावर हात ठेवायला आपले असे माणूस जवळ नव्हते. आता मार्गशीर्षात ती पुन्हा बाळंत होणार होती. कार्तिकातली तिकिटे जावयांनी पाठवलीही होती. पण समोरच्या इमारतीत भरदिवसा चोरी झाली आणि महिपतीरावांनी सांगून टाकले, "विम्याचा कागद हाती आल्यावाचून मी उंबरा ओलांडणार नाही." इंदुबाईंनी विमान जवळून पाहिले नव्हते, इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. एकट्याने जाण्याची सोय नव्हती.

विम्याचे काम पाहणारा तेजस कागदपत्रे घेऊन आला.

"काका, होम पॉलिसीत भांडीकुंडी, टीव्ही, फर्निचर सगळं कव्हर होतं. पण तुमचं हे अँटिक कलेक्शन त्यात बसत नाही. त्याची वेगळी यादी, फोटो आणि आमच्या व्हॅल्युअरचा दाखला लागेल."

"म्हणजे हे दिवे आहेत, यावर कंपनीचा विश्वास नाही?"

"दिवे आहेत यावर आहे, काका. किती जुने आहेत यावर नाही."

"मीही बराच जुना आहे. माझाही दाखला आणू का?"

तेजस हसला. "तुमचा प्रीमियम परवडणार नाही, काका. आणि हो, घर इतके महिने बंद राहणार असेल तर चोरीचं कव्हर मिळत नाही."

"बंद कशाला राहील?" इंदुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माझी भाची रुपाली राहील. हिंजवडीला नोकरी आहे तिची. सध्या बिबवेवाडीत कॉट बेसिसवर राहते बिचारी, एका खोलीत चौघी. ती येईल आनंदानं."

गुरुवारी सकाळी व्हॅल्युअर येणार असे ठरले. एका लामणदिव्याची जुनी पावती वाईच्या एका गुरवांकडे होती. ती आणायला महिपतीराव बुधवारी पहाटे स्वारगेटला जाऊन एस.टी.त बसले. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी परतणार होते.

इंदुबाई भंडाऱ्याच्या. त्यांचे वडील पितळेची भांडी घडवीत. दारी पाहुणा यायचा असला की त्यांच्या घरी आधी पितळ उजळले जाई. काळवंडलेला गडू पाहुण्यापुढे ठेवणे म्हणजे आई अपमान समजे. पाहुण्याचाही आणि घडवणाऱ्याचाही. त्या दुपारी कपाटांपुढे उभ्या राहून इंदुबाईंनी बासष्ट काळ्या दिव्यांकडे पाहिले. उद्या परका माणूस येऊन यांची किंमत करणार. त्याच्या एका शब्दावर लेकीचे बाळंतपण अवलंबून. त्यांनी पदर खोचला, चिंच भिजत घातली, विटकरीची भुकटी चाळून घेतली. दिवे मोडतील ही भीती त्यांना नव्हतीच. पितळ त्यांच्या हातांच्या ओळखीचे होते. नक्षीच्या खाचांतला काळा थर त्यांनी काडीने कोरून काढला. दिवेलागण झाली तेव्हा खांदे भरून आले होते. कपाटे मात्र सोन्याने भरल्यासारखी दिसत होती.

सकाळी महिपतीराव आणि व्हॅल्युअर उत्तरेश्वर एकाच वेळी दारात आले.

महिपतीराव उंबऱ्याच्या आत दोन पावले आले आणि थांबले. हातातली वाईची पावती त्यांनी सावकाश घडी करून खिशात ठेवली.

उत्तरेश्वर वयाने पोक्त गृहस्थ होते. त्यांनी एक समई उचलली, उजेडाकडे धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग भिंग पेटीत ठेवून दिले.

"वहिनी, हे केव्हा उजळलंत?"

"कालच. आपण येणार म्हणून," इंदुबाई कौतुकाने म्हणाल्या. "चिंच नि विटकर. बाजारची पावडर नाही वापरली."

"आपण माझ्यासाठी यांना नटवलंत," उत्तरेश्वर हळू आवाजात म्हणाले, "पण मी यांचं वय पाहायला आलो होतो. ती काळी कांती पितळावर ऋतूमागून ऋतू चढते. तिच्यावरून आम्ही वर्षं सांगतो. हे दिवे जुने आहेत, मला कळतंय. पण सही करून तसं लिहिता यायचं नाही. आता हे पितळ. चांगलं पितळ."

ते चहा न घेता गेले.

इंदुबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. यजमान ओरडले असते तर बरे, असे त्यांना झाले. ते ओरडले नाहीत. दोन दिवस ते जेवायला बसत, उठत, कपाटांकडे पाठ करून वाचीत. दीपमालेचा फोन आला तेव्हा इंदुबाईंनी "सगळं ठीक" एवढेच सांगितले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन महिपतीराव म्हणाले, "पस्तीस वर्षं मुलांना शब्दाशब्दाचा अर्थ सांगत आलो. घरात मात्र 'हात लावू नका' एवढंच सांगितलं. का, ते सांगायला हवं होतं. तुला कळलं नसतं असं थोडंच होतं?"

"पितळ वाईट नाही घासलं मी," इंदुबाई म्हणाल्या.

"वाईट नाहीच. हत्तींना डोळे आहेत, हे मला परवाच कळलं."

संध्याकाळी तेजस आला. "काका, वाईट झालं. पण एक आहे. आता हे घरातली भांडी म्हणून साध्या पॉलिसीत जातील. वेगळी यादी नको, दाखला नको. फक्त इथे 'नित्य वापरातील' यावर टिक करा."

महिपतीरावांनी चष्मा पुसला. "या घरात आल्यापासून यांत तेलाचा थेंब पडलेला नाही. नित्य वापरातील कसं लिहू?"

"काका, बघायला येतंय कोण?"

"मी आहे ना इथे."

तेजसने इंदुबाईंकडे पाहिले. इंदुबाईंनी मान खाली घातली. तिकिटाची तारीख पंधरवड्यावर आली होती. पस्तीस वर्षांत या माणसाने एका विद्यार्थ्याचा अर्धा गुण खोटा वाढवला नव्हता, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक?

महिपतीराव उठले. त्यांनी कपाटाचे दार उघडले. "अगं, वाती किती आहेत घरात?"

"चातुर्मासात वळलेल्या आहेत. पुष्कळ."

"आण. तेलाचा डबाही आण. रुपालीला फोन करून सांग, इथे राहायचं तर रोज तिन्हीसांजेला आठ-दहा दिवे लावावे लागतील. पाळीपाळीनं सगळे."

इंदुबाई वाती घालीत गेल्या. महिपतीराव तेल ओतीत गेले. तेजसने चपला दाराबाहेर काढल्या आणि काडी ओढली. बासष्टावा दिवा लागला तेव्हा महिपतीरावांनी उजेडाशी बसून अर्ज पुढे ओढला, चौकटीत खूण केली आणि पूर्ण नावानिशी सही केली.

सकाळी इंदुबाई फडके घेऊन कपाटाशी गेल्या. प्रत्येक दिव्याच्या ओठावर काजळीची बारीक रेघ उमटली होती. त्यांचा हात सवयीने पुढे झाला, आणि थांबला. फडके खांद्यावर टाकून त्यांनी माळ्यावरची बॅग खाली उतरवली.