कॉसेटचा अर्थ

सुप्रिया बारामतीला हॉस्टेलवर राहून इंग्रजीत बी.ए. करत होती. निरवांगीहून तिची धाकटी बहीण छकुली रोज संध्याकाळी वडिलांच्या, आबांच्या, फोनवरून विचारायची, "ताई, आजचा शब्द सांग."

एकदा सुप्रिया घाईत होती. "कॉसेट. म्हंजी लय लाड करणं," एवढंच सांगून तिनं शब्दकोश मिटला.

छकुली खिदळली. मेंढी विताच मेली तेव्हापासून तिनं एक कोकरू हातावर वाढवलं होतं. बाटलीनं दूध पाजायची, पांघरुणात घेऊन निजायची. "मग ह्याचं नाव आजपासनं कॉसेट!"

त्यानंतर आठच दिवसांत तिला डेंग्यू झाला. इंदापूरला नेलं, पण ती हाती लागली नाही. नववीत होती पोर.

सुप्रिया गावी आली, सावडणं झालं, पाहुणे पांगले. कोकरानं मात्र दूध सोडलं. आबांनी बाटली तोंडात घातली की ते मान फिरवायचं आणि दारात जाऊन ओरडायचं.

सावडण्याच्या दुसऱ्या दिवशी सुप्रियानं बॅगेतला शब्दकोश काढला. तोच शब्द उघडला. त्या संध्याकाळी तिनं खालच्या ओळी वाचल्याच नव्हत्या. मुळात हा शब्द कोकराचाच होता. माणसानं हातावर वाढवलेलं, घरात वावरणारं कोकरू म्हणजे कॉसेट. लाडाचा अर्थ मागाहून आला.

तिनं कसंबसं आबांना सांगितलं.

आबांनी कोकराकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी इंग्रजांच्या मुलखात बी मेंढ्या पिल्लं टाकून मरत्यात."

"व्हय आबा. पोरीनं नाव बराबर ठिवलं हुतं. तिला ठावंच न्हाय झालं. मी सांगितलंच न्हाय."

आबा उठले. खुंटीवरची छकुलीची शाळेची ओढणी काढून त्यांनी सुप्रियाच्या खांद्यावर टाकली. "बाटली घे. मेंढरू वासानं माणूस वळखतं."

कोकरू हुंगत जवळ आलं. ओढणीत नाक खुपसलं, दोन ढुशा दिल्या आणि चुटूचुटू प्यायला लागलं. लेकीच्या मातीलाही न रडलेले आबा दारातल्या बाभळीला कपाळ टेकून हुंदके देऊ लागले.

कोकरू जगलं. पण पुढं कितीतरी दिवस दूध संपलं की ते मान वर करून सुप्रियाच्या तोंडाकडं बघायचं, मग बाजूला होऊन पुन्हा ओरडायला लागायचं.