मुंबईच्या जागचं भोक

“जुन्याक काय धाड भरली हुती? खिळो ठोकूचो, काढूचो, परत ठोकूचो. ह्येंका दुसरां कामच नाय!”

स्टुलावर चढलेला धाकू शिपाई स्वतःशीच पुटपुटत होता. तो भिंतीवरची जळमटं काढतोय अशा समजुतीने वसुधाबाई खाली स्टूल धरून उभ्या होत्या. हे ऐकलं आणि त्यांच्या हातातलं स्टूल हललं.

“बाईनू, पाडशात माका!”

“धाकू, जुना नकाशा काढलास की काय?”

“काढलंय आणि गुंडाळून माळ्यार टाकलंय. आता राज्यां बदलली मा? कच्छ आपल्यात इला, बेळगाव गेला. उद्या तपासणीक सायब येतत. मोठ्या बाई म्हणाल्या, नवोच नकाशो लाव.”

धाकू उतरून गेला. अकरावीचा वर्ग रिकामा होता. बाईंनी नव्या नकाशावर तळहात फिरवला. गुळगुळीत. नव्या सुनेच्या हातावर चटक्याचा डाग नसावा तसा गुळगुळीत.

मालाडच्या या मुलींच्या शाळेत वसुधाबाई भूगोल शिकवू लागल्या तेव्हापासून तो जुना नकाशा भिंतीवर होता. मागून कापड लावलेला, पण घड्या पडून पडून चिरलेला. एक घडी नेमकी नर्मदेवरून जायची. कच्छच्या रणात उंदराने कुरतडलेल्या जागी धाकूने खळीने ठिगळ चिकटवलं होतं. आणि मुंबईच्या जागी चक्क भोक होतं. आपलं गाव दाखव म्हटलं की प्रत्येक पोरगी तिथेच बोट टेकवणार. इतक्या वर्षांच्या बोटांनी मुंबई झिजून गेली होती.

गेल्या पावसाळ्यापासून बाईंच्या डोळ्यांत एक चमत्कारिक गोष्ट झाली होती. कडेकडेचं दिसे, मधलं नाही. माणसाचे खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी धुकं. ज्याच्याकडे पाहावं नेमकं तेच पुसलं जायचं. डॉक्टरकडे त्या गेल्या नव्हत्या. डॉक्टरने नाव सांगितलं असतं, आणि नाव मिळालेलं दुखणं लपवता येत नाही. त्यापेक्षा घड्या, ठिगळ आणि भोक बरं. बोट सरकवत त्या हिंदुस्थानभर बिनचूक हिंडत असत.

घरी दम्याने बसलेले यजमान, श्यामकांतराव, होते. संसार बाईंच्या पगारावर चालायचा. हे गृहस्थ जन्मात कधी मोठ्याने वर्तमानपत्र वाचत नसत, पण हल्ली पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत खड्या आवाजात वाचत आणि मधूनमधून खोकत. “मनात वाचलं की झोप येते गं,” म्हणत. मुलींच्या वह्याही ते “सहज” वाचून दाखवत. बाई कधी विचारत नसत, तेही कधी सांगत नसत. दोघांनी मिळून ती गोष्ट कशी जपली होती, म्हणाल तर तापल्या दुधासारखी. जरा लक्ष हललं की उतू जायची.

त्या दिवशी घरी जाण्याआधी बाईंनी धाकूला पुन्हा हाक मारली. आवाज शक्य तितका हलका ठेवून म्हणाल्या, “अरे, या नव्यात आपली मुंबई कुठे आली, बघू?”

“माका वाचूक येता काय, बाईनू?” धाकू हसला. “तुमीच सांगा.”

एका नकाशासमोर दोघंही आंधळी उभी होती. एकाला त्याची लाज नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मुख्याध्यापिका मृणालिनीबाई त्यांच्यामागे उभ्या. त्यांच्या बांगड्यांचीही किणकिण थांबली होती. बाई बोलायला लागल्या आणि थोडा वेळ सगळं ठीक चाललं. काळी माती, कापूस, खंबायतचं आखात, सारं तोंडपाठ. मग नेहमीसारखी त्यांनी छडी पुढे केली, “कोण येतं दाखवायला?”

“नको, नको,” साहेब म्हणाले. “आधी तुम्हीच दाखवा, बाई. नवं राज्य झालंय. राजधानीपासून सुरुवात करा.”

छडीचं टोक नकाशावर टेकलं. बाईंनी अंदाजाने ते खाली आणलं, डावीकडे नेलं. भोक सापडेना. गुळगुळीत कागद, नुसतं गुळगुळीत. कुठेतरी थांबायला हवं म्हणून त्या थांबल्या.

“ही मुंबई?” साहेबांनी विचारलं.

“हो साहेब.” उत्तर बाईंनी दिलं नव्हतं. मालन उठली होती. ही मनोरीची कोळ्याची पोर मालाडला मावशीकडे राहून शिकत होती. जिभेला हाड नाही म्हणून रोज बोलणी खायची.

“तू ये पुढे. तू दाखव.”

मालनची पावलं बाईंच्या शेजारून गेली. छडीच्या टोकाला हलकंसं काही लागलं. तिचं बोट.

“अगं, हा तर समुद्र आहे!”

“आमची मनोरी भरतीला पाण्यातच असते, साहेब.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांनी रत्नप्रभाला उठवलं. ती वर्गात पहिली येणारी, शब्द मोजून बोलणारी. तिचंही बोट छडीच्या टोकाशी येऊन टेकलं. “इथेच, साहेब,” ती म्हणाली.

बाईंच्या लक्षात आलं. पोरींना ठाऊक होतं. कधीपासून? आपण हाक मारायच्या आत हजेरीला ‘हजर’ म्हणत उभ्या राहतात, तेव्हापासून? फळ्यावरची ओळ तिरकी गेली की कुणीतरी खडू मागून घेते, तेव्हापासून?

“मोठ्या बाई, हे काय चाललंय?” साहेब चिडले. “मॅट्रिकच्या मुली, आणि मुंबई पाण्यात! ही पहिली उद्धट मुलगी, काय नाव हिचं? मालन. हिला यंदा परीक्षेला बसवू नका. घरी राहू दे वर्षभर.”

वर्षभर घरी म्हणजे पुन्हा मनोरी. मग डोक्यावर मासळीची टोपली, मग लग्न. वर्गातल्या प्रत्येकीला ते कळलं. जिभेला हाड नसलेली ती पोर मात्र दातावर दात दाबून उभी होती.

एक शब्द बोलल्या नसत्या तर वसुधाबाई त्या दिवशी सुटल्या असत्या. वर्ग ढ आहे असा शेरा पडला असता, एवढंच. घरी श्यामकांतरावांनी संध्याकाळचं वर्तमानपत्र वाचलं असतं.

बाईंनी चाचपडत मालनचा हात शोधला. त्या हातात त्यांनी छडी ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली.

“मुंबई दाखव, मालन. खरी कुठे आहे तिथे.”

“बाई, नको ना…”

“दाखव गं.”

टक्, असा बारीक आवाज झाला. बाईंनी टेकवली होती त्यापेक्षा बराच उजवीकडे, बराच वर.

मग त्या साहेबांच्या खांद्यांकडे वळल्या. चेहरा त्यांना सापडला नाही.

“मुलींना सगळं येतं, साहेब,” त्या म्हणाल्या. “मला दिसत नाही.”